घाटमाथ्यावरून पाहिलेले चाचे

३० एप्रिल १६५७ च्या रात्री जुन्नर शहराच्या तटाला दोराच्या शिड्या लागल्या. माणसं बिनआवाज वर चढली, पहारेकरी जागच्या जागी गारद झाले आणि तीन लाख होन, दोनशे घोडे, उंची कापडचोपड, जडजवाहीर असा ऐवज घेऊन सगळे पसार झाले. शिवाजीराजे तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी हे घडलं त्या शिवनेरीवरच त्यांचा जन्म, पण किल्ला मोगलांकडे. तो त्यांच्या हयातीत त्यांच्या हाती आलाच नाही. मोगलांच्या लेखी ही रात्र म्हणजे दरोडा. आपल्या लेखी स्वराज्याच्या डावातली एक चाल.

हाच प्रसंग १९३५ साली हॉलिवूडच्या एखाद्या निर्मात्याला सांगितला असता, तर त्यानं तट काढून जहाज घातलं असतं, दोराच्या शिड्या तशाच ठेवल्या असत्या आणि एरॉल फ्लिनला बोलावणं धाडलं असतं. चाच्यांच्या जुन्या सिनेमांची गंमत इथून बघायला लागलं की नीट उलगडते.

जुन्नर-आंबेगावात बसून समुद्री चाच्यांची चर्चा कशाला, असं कोणी म्हणेल. पण हा मुलूख समुद्राला वाटतो तितका परका नाही. जुन्नरहून तीसेक किलोमीटरवर नाणेघाट आहे आणि घाटाच्या तोंडावर उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेनं वर यायचा. जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दान दिल्याचे शिलालेख आहेत. कोणी पाण्याची टाकी खोदवली, कोणी भोजनमंडप. त्याच सुमाराच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडच्या बेटांपाशी चाचे असतात, असा इशारा दिलेला आहे. म्हणजे व्यापार जितका जुना, तितकेच चाचेही जुने. चाच्यांचा सिनेमा मात्र गेल्या शंभरेक वर्षांतला.

त्या सिनेमाचा खरा पाया घातला डग्लस फेअरबँक्सनं. ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०), ‘रॉबिन हूड’ (१९२२), ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) अशा एकेका चित्रपटातून त्यानं हसत-हसत उड्या मारणारा, झुंबराला लोंबकळणारा, मरणाची पर्वा नसलेला नायक घडवला आणि १९२६ साली ‘द ब्लॅक पायरेट’मध्ये त्याला जहाजावर चढवलं. चित्रपट मूक होता, पण रंगीत; टेक्निकलरच्या दोन रंगांच्या जुन्या पद्धतीनं टिपलेला. चाच्यांचे कमरपट्टे, डोईचे रुमाल, कानातले डूल हा सगळा थाट चित्रकार हॉवर्ड पाइलच्या पुस्तकांतल्या चित्रांवरून आलेला. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरगं डोळ्याला काळी पट्टी बांधून उभं राहतं, तेव्हा त्याच्या अंगावर इतिहासापेक्षा पाइलचा कुंचलाच जास्त असतो.

‘द ब्लॅक पायरेट’मधला एक प्रसंग सिनेमाच्या इतिहासात अजरामर झालेला आहे. नायक डोलकाठीवर उंच चढतो, ताणलेल्या शिडात सुरा खुपसतो आणि सुऱ्याची मूठ धरून शीड उभं टरटरा फाडत सरळ खाली येतो. पाहणाऱ्याला वाटतं, सारी करामत त्या पात्याची आणि मनगटाची. खरी करामत पडद्यामागची होती. शीड तिरकं लावलेलं, कापड आधीच फाडून कच्च्या टाक्यांनी शिवलेलं, आणि सुऱ्याला मागच्या बाजूनं कप्पीवरून वजन जोडलेलं, म्हणजे माणूस बेतानं, एका लयीत खाली उतरेल. ही बनवाबनवी कळल्यावर प्रसंगाची मजा कमी होत नाही, उलट वाढते. त्या काळच्या स्टंटमध्ये सुतार, शिंपी आणि कसरतपटू अशा तिघांचे हात असत. आजचा संगणक ते सगळं एकट्यानं करतो आणि बघणाऱ्याला ते आतून कळतं.

मग बोलपट आले. डिसेंबर १९३५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा ‘कॅप्टन ब्लड’ झळकला. राफाएल सबातिनीच्या १९२२ च्या कादंबरीवरचा. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. नायकाची भूमिका आधी रॉबर्ट डोनॅटकडे जायची होती. तो बाजूला झाला आणि टास्मानियात जन्मलेल्या, फारसं नाव नसलेल्या एरॉल फ्लिनला ती मिळाली. नायिका एकोणीस वर्षांची ऑलिव्हिया डी हॅविलंड. जहाजांच्या लढाया बऱ्याचशा छोट्या प्रतिकृती वापरून आणि ‘द सी हॉक’ या १९२४ च्या मूकपटातली जुनी दृश्यं जोडून भागवलेल्या. एवढ्या काटकसरीतून फ्लिन एका रात्रीत स्टार झाला.

कथा अशी: पीटर ब्लड हा डॉक्टर. १६८५ साली इंग्लंडात राजाविरुद्ध बंड होतं. ब्लड बंडात नाही, पण जखमी बंडखोरावर उपचार करतो, म्हणून न्यायाधीश जेफ्रीज त्याला देशद्रोही ठरवतो. फाशी टळते ती दयेपोटी नव्हे. राजाला वसाहतीत गुलाम विकून पैसा हवा असतो. ब्लड जमैकात विकला जातो, पळतो, जहाज बळकावतो, चाचा होतो. शेवटी राजा बदलतो, माफी मिळते आणि कालचा चाचा गव्हर्नरच्या खुर्चीत बसतो.

जेफ्रीज आणि त्याचे ते खुनशी निवाडे ऐतिहासिक आहेत, ब्लड काल्पनिक. पण त्या काळात वैद्यकीची पेटी घेऊन जग हिंडणारे इंग्रज डॉक्टर खरोखर होते, आणि त्यातला एक चक्क जुन्नरला आला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७५ साली मुंबईहून कल्याणमार्गे घाट चढून जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे गेला आणि शिवनेरीवरही जाऊन आला. ब्लडच्या कथेआधी दहाच वर्षं. फ्रायर मात्र चाचा झाला नाही. घरी परतून त्यानं प्रवासवर्णन लिहिलं.

या सिनेमांचा प्राण म्हणजे तलवारबाजी. खरी तलवारबाजी पडद्यावर अगदी कंटाळवाणी दिसते: दोघं जवळ जवळ उभे, मनगट इंचभर हलतं आणि एक जण पडतो, बघणाऱ्याला काय झालं तेच समजत नाही. म्हणून फ्रेड केव्हन्स नावाच्या बेल्जियन तलवार-गुरूनं वेगळं व्याकरण बसवलं. वार अंगावर नाही, समोरच्याच्या पात्यावर करायचा. हात मोठे, रुंद फिरवायचे. पवित्रे आकड्यांनी पाठ करायचे, नाचाच्या तालमीसारखे. मधेच जिना, मधेच टेबल, मधेच मेणबत्त्या. ‘कॅप्टन ब्लड’मध्ये समुद्रकाठच्या खडकांवर फ्लिन आणि बेसिल रॅथबोन लढतात तो प्रसंग नीट बघा. रॅथबोन प्रत्यक्षात फ्लिनपेक्षा कितीतरी सरस तलवारबाज होता, पण खलनायक असल्यामुळे बहुतेक चित्रपटांत हरणं त्याच्या नशिबी. आपल्या दांडपट्ट्याशी तुलना केली तर एक गोष्ट सहज लक्षात येते. पट्ट्यात मनगट खोबणीत अडकलेलं असतं, फिरतो तो अख्खा खांदा. त्यामुळे आपला मर्दानी खेळ मुळातच लांबच्या प्रेक्षकाला दिसेल असा आहे. त्याला केव्हन्सची गरज नव्हती.

खरे चाचे आणि सिनेमातले चाचे यांच्यातलं अंतर मोठं आहे. कैद्याला फळीवर चालवत समुद्रात ढकलणं, बेटावर पेटारा पुरून नकाशावर खूण करणं, या गोष्टी जवळपास सगळ्या कथाकारांच्या. स्टीव्हन्सनच्या १८८३ च्या ‘ट्रेझर आयलंड’नं त्या घरोघरी पोचवल्या. चाचे लुटीचा पैसा पुरत नसत, बंदरात उडवत. बोलताना घोगरा गुरगुराट करायची लकब तर १९५० च्या ‘ट्रेझर आयलंड’ चित्रपटात रॉबर्ट न्यूटननं आपल्या गावाकडच्या इंग्रजीतून आणली आणि ती जगभरच्या चाच्यांना चिकटली.

मात्र एक गोष्ट सिनेमानं दाखवायला हवी होती आणि क्वचितच दाखवली. कॅरिबियनमधल्या चाच्यांचे आपसात लेखी करार असत. त्यांच्याबरोबर राहिलेल्या एक्सक्वेमेलिन या माणसानं १६७८ च्या पुस्तकात त्यांचा तपशील दिला आहे: उजवा हात गेला तर सहाशे स्पॅनिश डॉलर किंवा सहा गुलाम, डावा हात किंवा उजवा पाय गेला तर पाचशे, डोळा गेला तर शंभर. बाकीच्या लुटीची वाटणी त्यानंतर. व्यापारी जहाजावरच्या खलाशाला त्या काळी असं संरक्षण स्वप्नातही नव्हतं. म्हणजे चाचेगिरीत नुसती दंगामस्ती नव्हती, तिच्यात मजुराचा हिशोबही होता. आणि त्याच हिशोबात भरपाई म्हणून गुलामही मोजलेले होते, हेही नजरेआड करू नये.

तरीही लोकांना या सिनेमांचं वेड का लागलं? उड्या, तलवारी, समुद्र, सुंदर पोशाख ही कारणं आहेतच. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. चाच्यांचा सिनेमा म्हणजे बंडाबद्दल बोलायची सुरक्षित जागा. तीनशे वर्षांपूर्वीचे कपडे घातले की आजच्या सरकारबद्दल काहीही बोलता येतं. १९३५ ला अमेरिका मंदीत होरपळत होती आणि पडद्यावर कायदाच माणसाला गुलाम म्हणून विकत होता. १९४० च्या ‘द सी हॉक’मध्ये स्पेनचा राजा जगाच्या नकाशावर नजर लावून बसलेला दिसतो आणि इंग्लंडची राणी आरमार बांधायला निघते. स्पेनच्या जागी हिटलर वाचायला कोणालाही शिकवावं लागलं नाही. या चित्रपटासाठी वॉर्नरनं पाण्याचा प्रचंड हौद असलेला खास स्टुडिओ बांधला आणि त्यात दोन पूर्णाकृती जहाजं उभी केली.

ही युक्ती आपल्याकडे अधिक गरजेची होती. १९२७-२८ च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या अहवालानुसार भारतात सर्वांत लोकप्रिय ठरलेला चित्रपट होता फेअरबँक्सचा ‘द थीफ ऑफ बगदाद’. साहजिकच आपले फेअरबँक्स निघाले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल मूकपटांतले तलवारबहाद्दर, पुढे ‘आलम आरा’चे (१९३१) नायक. त्यांना त्या बोलपटात घ्यायचं म्हणून जुन्या कंपनीशी कोर्टकज्जा झाला, तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते महंमदअली जीना. १९३५ ला वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’त नादिया मुखवटा घालून चाबूक फिरवत आली. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांना असे मारधाडीचे चित्रपट हवेच असत. जुन्नरजवळच्या नारायणगावची ओळख तमाशाची. पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. वगातल्या राजाला, सरदाराला, बंडखोराला शिट्ट्या मारणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावरच्या तलवारबाजाची ओळख करून द्यावी लागत नव्हती.

पण बंड उघड दाखवायला बंदी होती. प्रभात फिल्म कंपनीनं १९३० मध्ये शिवरायांवर ‘स्वराज्याचे तोरण’ नावाचा मूकपट केला आणि सेन्सॉरनं अडवला. नाव बदलून ‘उदयकाल’ केल्यावर तो दाखवता आला. त्यात व्ही. शांताराम स्वतः शिवाजीराजांच्या भूमिकेत होते. ‘स्वराज्य’ हा शब्द पडद्यावर नको, इतका सरकारचा धसका. त्याच वर्षी १२ डिसेंबरला आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. सरकारच्या लेखी तोही कायदा मोडणाराच.

या वातावरणात प्रभातनं चाच्यांचा सिनेमा केला. १९३६ चा ‘अमरज्योती’. हिंदीत, दिग्दर्शक शांताराम, लेखक के. नारायण काळे. प्रभात कोल्हापूरहून पुण्यात आलेली, स्टुडिओ आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. पुण्याला समुद्र नाही, हा प्रश्न त्या मंडळींना पडलेला दिसत नाही. अमेरिकेत ‘कॅप्टन ब्लड’ झळकून वर्ष उलटायच्या आत पुण्यात चाच्यांचं जहाज तयार होतं, आणि त्याच्या कप्तानाच्या जागी एक बाई उभी होती.

तिचं नाव सौदामिनी. भूमिका दुर्गा खोटे यांची. नवऱ्यापासून वेगळी झालेली ही बाई आपल्या तान्ह्या मुलाचा ताबा मागते. न्यायमंत्री दुर्जय तो नाकारतो. झालं, तिनं राज्याशीच वैर पुकारलं आणि समुद्र गाठला. पुढे राजघराण्याच्या जहाजावर हल्ला करून ती दुर्जयाला पकडते. त्याचा पाय कापला जातो. दुर्जयाच्या भूमिकेत चंद्रमोहन आहेत. त्यांचे घारे डोळे हीच प्रभातची अर्धी भीती. त्याच जहाजावर पेटाऱ्यात लपलेली राजकन्या नंदिनी (शांता आपटे) सापडते, धनगराच्या पोराच्या प्रेमात पडते, आणि तो पोरगा निघतो सौदामिनीचाच हरवलेला मुलगा. योगायोगांचं हे गाठोडं आज जड वाटतं, आणि शेखर या सल्लागाराच्या तोंडी काळ्यांनी घातलेली तत्त्वचर्चाही थोडी लांबते. मास्टर कृष्णरावांचं संगीत मात्र अजून ताजं आहे.

ते सगळं बाजूला ठेवून मूळ मागणीकडे बघा. ब्लडला स्वातंत्र्य हवं होतं, फेअरबँक्सच्या नायकाला बापाच्या मृत्यूचा सूड. सौदामिनीला मूल हवं आहे आणि तिचं भांडण कायद्याच्या एका कलमाशी आहे. ते भांडण काल्पनिक नव्हतं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या काळात बापाचा हक्क आईच्या आधी धरला जाई. १९५६ च्या कायद्यानंही नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, त्याच्यानंतर आई असाच क्रम ठेवला. ‘त्याच्यानंतर’चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या गैरहजेरीतही असा होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन खटल्यात सांगितलं ते १९९९ साली. सौदामिनी जहाजावर चढल्याला तेव्हा त्रेसष्ट वर्षं झाली होती. दुर्गाबाई स्वतः दोन मुलांच्या आई आणि घर चालवण्यासाठी, लोकांची टीका अंगावर घेत सिनेमात आलेल्या. भूमिकेतली ती धग निव्वळ अभिनयाची नसावी.

हॉलिवूडला स्त्री-चाचा मध्यवर्ती ठेवून ‘अॅन ऑफ द इंडीज’ करायला १९५१ उजाडलं. ‘अमरज्योती’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला होता. त्याच काळातल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’नं पुढे तिथे मान मिळवला आणि त्याच्या उजेडात ‘अमरज्योती’ झाकोळला. मला तुकारामांबद्दल तक्रार नाही. पण चाच्यांच्या सिनेमांच्या जागतिक इतिहासात पुण्याच्या या चित्रपटाला तळटीपही मिळत नाही, हा अन्यायच.

आता पुन्हा आपल्या डोंगरात येऊ. आंबेगाव तालुक्यात जांभोरी नावाचं गाव आहे. तिथल्या होनाजी केंगले या महादेव कोळी माणसानं १८७३ पासून टोळी बांधून सावकारांवर हल्ले सुरू केले. पुणे, नगर, ठाणे या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर त्याचा वावर. सावकार सापडला की त्याचं नाक कापायचं, अशी त्याची दहशत. पडद्यावर दाखवायला कोणीही कचरेल असलं हे प्रकरण. कर्जाच्या कागदांनी जमिनी गिळल्या जात होत्या, १८७५ ला सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव पेटला, आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं होनाजीला पकडलं. पुढे १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. सरकारी गॅझेटिअर होनाजीचा उल्लेख ‘होन्या’ असा करतं आणि त्याला दरोडेखोरांत बसवतं. डोंगरातल्या माणसांच्या आठवणीत तो बंडकरी आहे. नाक कापलेल्या सावकाराच्या घरी काय आठवण राहिली असेल, तेही विचारायला हरकत नाही. सिनेमा हा तिसरा प्रश्न कधी विचारत नाही. म्हणूनच तो बघायला इतका हलका वाटतो.

समुद्रावर अशीच दुहेरी ओळख कान्होजी आंग्र्यांच्या वाट्याला आली. मराठ्यांचे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजानं त्यांचा दस्तक घ्यावा हा त्यांचा नियम. पोर्तुगीज दोन शतकं आपला ‘कार्ताझ’ नावाचा परवाना असाच सक्तीनं विकत होते, पण त्यांना कोणी चाचे म्हटलं नाही. इंग्रजांनी कान्होजींना म्हटलं, कारण त्यांना दस्तक घ्यायचा नव्हता. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका कान्होजींनी पकडली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. ४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले तेव्हा ते अपराजित होते. तरी १७३७ साली लंडनला क्लेमंट डाउनिंगचं जे पुस्तक निघालं त्याच्या नावातच ‘चाचा आंग्रे’ आहे.

त्यांची लढाईची रीत हॉलिवूडपेक्षा सरस आहे. इंग्रजांचं जहाज उंच, जड, वाऱ्यावर अवलंबून. आंग्र्यांची गलबतं हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांची; वारा पडला तरी चालणारी. ती गुराब नावाच्या मोठ्या जहाजांना दोरानं ओढत शत्रूच्या पिछाडीला आणत, कारण तिथे तोफा कमी. गुराबाची नाळ सखल आणि पुढे झेपावलेली. तिच्यावरून थेट समोर तोफा डागायच्या, नेम डोलकाठीवर. डोलकाठी पडली की जहाज लंगडं. मग गलबतांतून दोन-दोन, तीन-तीनशे माणसं तलवारी घेऊन चौफेर चढत. झुंबर नाही, जिना नाही. पण पडद्यावर हे आलं तर कोणी खुर्चीत टेकून बसणार नाही.

चाच्यांच्या सिनेमाची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे, आणि ती ओंगळ आहे. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं सुरतेच्या वाटेवर औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं. मक्केहून परतणारे यात्रेकरू त्यावर होते. दिवसचे दिवस लूट चालली, बायकांवर अत्याचार झाले. काहींनी समुद्रात उड्या टाकल्या. बादशहाचा तळ तेव्हा ब्रह्मपुरीला, म्हणजे मंगळवेढ्याजवळ माचणूरला, भीमेच्या काठी होता. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी हीच भीमा. बादशहा भडकला आणि सुरतेच्या वखारीतले इंग्रज बेड्यांत पडले. एव्हरीचे काही साथीदार १६९६ मध्ये लंडनला फासावर गेले. तो स्वतः कधीच सापडला नाही. १९५२ साली हॉलिवूडनं ‘अगेन्स्ट ऑल फ्लॅग्ज’ काढला: मादागास्करचे चाचे, मोगल जहाज, त्यावरची शहजादी, आणि ती एरॉल फ्लिनवर फिदा. जिथे खरोखर आकांत झाला तिथे सिनेमानं विनोदी प्रेमप्रकरण लावून दिलं. फ्लिनचे बाकी चित्रपट मी आवडीनं बघतो. हा एक बघवत नाही.

त्याच वर्षी बर्ट लँकेस्टरचा ‘द क्रिमझन पायरेट’ आला. लँकेस्टर आधी सर्कशीत कसरतपटू होता आणि निक क्रॅव्हट हा त्याचा तिथलाच जोडीदार. दोघं डोलकाठीवर जे करतात ते खरं आहे, दुसरा माणूस वापरलेला नाही. पण चित्रपटाचा सूर थट्टेचा. एखादा प्रकार स्वतःलाच हसू लागला की त्याचे दिवस भरत आलेले असतात. जहाजं महाग, पाण्यातलं शूटिंग महाग. १९९५ च्या ‘कटथ्रोट आयलंड’नं निर्मात्यांना बुडवलं. २००३ मध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’नं या प्रकाराला पुन्हा उभारी दिली, आणि २००७ च्या तिसऱ्या भागात जगभरच्या चाचे-सरदारांच्या सभेत एक फेटेवाला बसलेला दिसतो. नाव ‘श्री संभाजी आंग्रिया’. कान्होजींच्या मुलाचं नाव, इंग्रजांनी बिघडवलेल्या आडनावासकट, आणि ओळख तीच जुनी: चाचा.

मनोहर माळगावकरांनी १९५९ साली कान्होजींचं इंग्रजी चरित्र लिहिलं. पुढच्या आवृत्तीला नाव मिळालं ‘द सी हॉक’, फ्लिनच्या चित्रपटाचंच. त्याचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांडे यांनी केला. म्हणजे गोष्ट हाताशी आहे, आणि तीही पु. लं.च्या मराठीत. गड-किल्ल्यांवरचे मराठी चित्रपट दरवर्षी येत आहेत, त्यातले काही चांगले चाललेही. समुद्राकडे मात्र कोणी तोंड वळवत नाही. ज्याला हे धाडस करायचं असेल त्यानं कॅरिबियनचे रुमाल आणि डूल तिकडेच सोडावेत; गुराब, गलबत, दस्तक आणि कुलाब्याची ती १७२१ ची लढाई एवढं भांडवल पुरेसं आहे. आणि कामाला लागण्याआधी ‘अमरज्योती’ एकदा पाहावा.